शिध्याचा नकाशा चुलीपासून काढावा

रोजगार हमीचे काम मजुराच्या गावापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यावे आणि त्याहून लांब द्यावे लागल्यास मजुरीवर दहा टक्के जादा द्यावेत, असे २००५ च्या कायद्याने लिहून ठेवले. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरांच्या आत असावी, असा दंडक शिक्षणहक्काच्या राज्य नियमांनी घालून दिला. परंतु ज्याच्यावाचून ना मजुरी होते ना शिक्षण, त्या अन्नाचे दुकान गरिबाच्या चुलीपासून किती अंतरावर असावे, याविषयी २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम मौन बाळगून आहे. धान्याच्या वजनाबद्दल मात्र तो अत्यंत काटेकोर आहे: अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून तेही विनामूल्य. अधिनियमाच्या तिसाव्या कलमात दुर्गम, डोंगराळ व आदिवासी भागांतील दुर्बल घटकांकडे विशेष लक्ष पुरवावे असे म्हटले आहे, आणि २०१५ च्या नियंत्रण आदेशातही रास्त भाव दुकान अशा जागी असावे की तेथे पोचताना शिधापत्रिकाधारकाला अडचण पडू नये, अशी सदिच्छा नोंदलेली आहे. पण किती चालणे म्हणजे अडचण, हे ठरविण्याचे काम ज्याने कधी डोक्यावर पोते घेतले नाही त्याच्या मर्जीवर सोडून दिलेले आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या निमित्ताने मला जे मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे, की अंतर हा शिध्याच्या हक्काचाच एक भाग मानला पाहिजे. ते अंतर घरापासून दुकानापर्यंत, पायी लागणाऱ्या वेळाने आणि ऋतुमानाप्रमाणे मोजले पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी नकाशांची सामग्री सरकारदरबारी बहुतांशी तयार असताना ती एकत्र न आणण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.

मावळचा भूगोल ज्याने केवळ रेल्वेच्या खिडकीतून किंवा द्रुतगती मार्गावरून पाहिला आहे त्याला हा प्रश्न मुळात प्रश्नच वाटणार नाही. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही सारी नावे एकाच ओळीत येतात. १८५८ साली खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली ती याच ओळीने, हमरस्ता गेला तो याच ओळीने, आणि द्रुतगती मार्गही तिच्याच आधाराने आखला गेला. बाजार, दवाखाना, बँक, कचेरी जे काही आहे ते या ओळीच्या दुतर्फा आहे. परंतु अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे जे तालुक्याचे खरे तीन भाग, ते या ओळीपासून डोंगरांच्या सोंडांनी वेगळे पडलेले आहेत. पूर्वीच्या कारभाऱ्यांना याची जाण होती, म्हणून बारा मावळांची विभागणी त्यांनी खोऱ्याखोऱ्यांनी केली आणि एकेका खोऱ्याचा बंदोबस्त तेथल्या देशमुखाकडे ठेवला. कारण माणसे आणि बैल ज्या वाटेने उतरतात त्याच वाटेने वसूलही उतरतो, हे त्यांना ठाऊक होते. आजचा पुरवठा विभाग मात्र गावाच्या नावावर आणि लोकसंख्येच्या आकड्यावर दुकान नेमून देतो, आणि मध्ये डोंगर आहे, ओढा आहे की धरणाचे पाणी आहे, याची दखल त्या आकड्याला घेता येत नाही.

पाण्याचे उदाहरण मुद्दाम घेतो. वीज निर्माण करण्यासाठी टाटांनी शंभर वर्षांपूर्वी अंदर मावळात ठोकळवाडीचे धरण बांधले, पुढे पवन मावळात पवनेचे धरण झाले, आणि दोन्ही ठिकाणी जुन्या पायवाटा पाण्याखाली जाऊन, ज्या दोन वाड्या हाकेच्या अंतरावर होत्या त्यांच्यामध्ये जलाशयाचा वळसा येऊन बसला. कागदावरच्या नकाशावर या वाड्यांमध्ये फूटपट्टी ठेवली तर अंतर आजही तेवढेच भरते. वर पाऊस असा, की लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि तळेगावात त्याच्या निम्माही पडत नाही. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच जुलै महिन्यात, एका टोकाला शिधा आणणे हे अर्ध्या तासाचे काम असते आणि दुसऱ्या टोकाला ते अख्ख्या दिवसाचे होते. नकाशावर साकव ही एक बारीक रेघ असते. ती रेघ किती वजन पेलते हे नकाशा सांगत नाही. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले, तेव्हा तो पूल नकाशावर शाबूतच होता.

आता अंत्योदयच्या ३५ किलोंचा विचार करावा. सडकेच्या कडेला राहणाऱ्या माणसाला तो एका पोत्याचा मामला आहे. परंतु ज्या वाडीपर्यंत गाडी जात नाही तेथल्या बाईला इतके ओझे एका खेपेत डोक्यावरून चढणीने नेता येत नाही, म्हणून दोन खेपा कराव्या लागतात, किंवा घरातले आणखी एक माणूस त्या दिवशीची मजुरी बुडवून सोबत न्यावे लागते, किंवा खासगी जीपवाल्याला जाण्यायेण्याचे भाडे द्यावे लागते. त्यातही दुकानात जाऊन पोचल्यावर माल आलेला असेलच याची शाश्वती नसते. माल आला असला तर ई-पॉस मशीनला रेंज नसते. आणि रेंज असली तर भातलावणीने आणि कोळशाच्या भट्टीने झिजलेला अंगठा उठत नाही. अशा दोन निष्फळ फेऱ्या झाल्या, की फुकटचे धान्य बाजारातल्या धान्याहून महाग पडते, आणि हा हिशेब त्या बाईला तोंडपाठ असतो, जरी तो कोणत्याही दप्तरात लिहिलेला नसला. पावसाळ्यात वाटा तुटतात हे ओळखून केंद्र सरकारने २०२५ मध्ये जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे धान्य एकदम उचलण्याची मुभा दिली, ही गोष्ट स्तुत्यच होती. पण अंत्योदय कुटुंबाच्या बाबतीत तीन महिन्यांचे धान्य म्हणजे १०५ किलो, आणि ते वाडीवर नेण्याची तजवीज जोडीला नसेल, तर त्या मुभेने ओझे तिप्पट होते. ज्या गावांचा संपर्क पावसात तुटतो तेथे धान्य आधीच पोचवून ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. आदिवासी भागांसाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेत ती आहेच.

परंतु येथे आणखी एक रेषा आडवी येते, आणि ती डोंगराने नव्हे, कागदाने काढलेली आहे. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र १९८५ मध्ये आखले गेले ते जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावांचे. मावळ त्या रेषेच्या बाहेर राहिला. म्हणून घोडेगावच्या बाजूच्या आदिवासी पाड्याला क्षेत्राशी जोडलेल्या ज्या योजनांचा लाभ मिळतो, त्यांतील कित्येक अंदर मावळातल्या कातकरी किंवा ठाकर वाडीला मिळत नाहीत, मग तिची भूक तेवढीच असली तरी. कातकरी हा केंद्राने विशेष असुरक्षित ठरविलेल्या आदिम जमातींपैकी एक. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला कोलाम आणि माडिया गोंड आहेत. गरज माणसाची पाहिली तर मावळ आत येतो, गरज प्रदेशाची पाहिली तर मावळ बाहेर पडतो. आणि अन्नाच्या बाबतीत प्रदेशाच्या जुन्या रेषेने माणसाच्या आजच्या गरजेवर मात करावी, हे न्यायाला धरून नाही.

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या हद्दींचाही असाच प्रकार आहे. राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी ही मावळातली वस्ती. लोणावळ्याहून तेथे जाणारा रस्ता पंधरा किलोमीटरांच्या घरातला आणि पावसात चिखलाचा, तर दुसऱ्या अंगाला डोंगर उतरून गेले की कोंडिवडे लागते, पण ते रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात. कुसूर घाटाच्या माथ्यावरील गावांचीही हीच कथा. पुण्याच्या पुरवठा शाखेचा नकाशा घाटमाथ्यावर संपतो आणि रायगडचा नकाशा घाटाखाली सुरू होतो. त्यामुळे कोणत्या वाडीला कोणत्या ऋतूत कोणत्या बाजूचे दुकान जवळचे, हा प्रश्न दोन्ही कचेऱ्यांपैकी एकीच्याही टेबलावर येत नाही. शिधापत्रिका राज्यात कोठेही चालावी ही सोय झालेली आहे हे खरे. परंतु दुकानाचे नियतन त्याला जोडलेल्या शिधापत्रिकांवर ठरते, आणि अवचित आलेल्या बाहेरगावच्या कार्डाला ‘माल शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकावे लागू शकते. कोणत्या दुकानावर कोठून भार येणार हे आधी कळले तरच त्या सोयीला अर्थ येईल, आणि ते कळण्याचे साधन नकाशाखेरीज दुसरे नाही.

आता साधनांकडे वळू. नकाशा ही पुणे जिल्ह्याला अपरिचित वस्तू नव्हे. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातून जी मोजणी सुरू केली, तिच्या पद्धतीने पुढे शेताशेताची हद्द, प्रत आणि आकार दप्तरी दाखल झाला; रयतेकडून जे घ्यावयाचे त्याचा नकाशा सरकारने एवढ्या आस्थेने काढला, रयतेला जे द्यावयाचे त्याचा मात्र अद्याप काढलेला नाही. आणि आज तर साधनांचा सुकाळ आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करीत आहे. गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा महाराष्ट्रातील प्रयोग याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सोनोरी या गावी झाला, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेने तो देशभर नेला. पीएम-जनमन या नावाने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जी मोहीम सुरू झाली, तिच्यासाठी आदिम जमातींच्या वस्त्यांची वस्तीनिहाय पाहणी करण्यात आली. ई-पॉस मशीनवर धान्याच्या प्रत्येक उचलीची तारीख आणि दुकान नोंदले जाते. गोदामापासून दुकानापर्यंत ट्रकने कोणत्या मार्गाने जावे म्हणजे खर्च वाचेल, याचे गणित दिल्लीच्या आयआयटीने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने मांडून दिले असून, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ते ‘अन्नचक्र’ या नावाने लोकार्पण केले. म्हणजे ट्रकची वाट शोधण्यासाठी देशातील उत्तम बुद्धी खर्ची पडली, आणि ट्रक जेथे थांबतो तेथून पुढे ज्या बाईला चालायचे आहे तिची वाट शोधण्याची पाळी अजून आलेली नाही.

ती पाळी न आल्याचा परिणाम नुसता गैरसोयीपुरता राहत नाही. त्याने हक्कच जातो. सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका निष्क्रिय करावी आणि मग पडताळणी करावी, अशी तरतूद केंद्राने २०२५ मध्ये नियंत्रण आदेशात केली. बनावट कार्डे निघावीत हा हेतू योग्यच आहे; पण ‘उचल नाही’ या नोंदीचा अर्थ बनावट कार्ड असाच लावायचा, की ते कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले आहे, वाट बुडाली आहे, म्हातारीचा अंगठा उठत नाही, असाही लावायचा, हे त्या नोंदीकडे एकटे पाहून कळत नाही. तीच नोंद वाडीनिहाय नकाशावर मांडून पाहावी. न उचललेली कार्डे तालुकाभर विखुरलेली दिसली तर संशयाला जागा आहे. पण ती जलाशयाच्या एकाच काठावर, एकाच ओढ्यापलीकडे, आणि नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये दाट होताना दिसली, तर तेथे लबाडी कमी आणि अंतर अधिक आहे, असे कोणताही समंजस तहसीलदार म्हणेल. यंत्रणेने गरिबाचे मौन संमती किंवा कपट समजण्यापूर्वी त्याच्या घरापासूनची वाट एकदा पाहावी, एवढेच मागणे आहे.

लोणावळ्यातला प्रश्न याहून निराळा, पण मुळात तोच आहे. २०११ च्या जनगणनेत ५७,६९८ लोकसंख्या असलेल्या या शहराचे नकाशे पर्यटकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये इतके तपशीलवार असतात, की भुशी धरणापासून टायगर पॉइंटपर्यंत कोठे चहा मिळेल आणि कोणत्या दुकानात कोणती चिक्की मिळेल हे त्यांत सापडते. परंतु बंगल्यांच्या आवारातील एका खोलीत राहणारा माळी, हॉटेलाच्या मागच्या शेडमध्ये झोपणारा वाढपी, बांधकामावर आलेले मराठवाड्यातले जोडपे, यांचा त्यात मागमूस नसतो. त्यांच्या बाबतीत दुकान लांब नाही. त्यांचा पत्ता परक्याच्या मालकीचा आहे, आणि रहिवासाचा पुरावा मालकाच्या सहीवर अवलंबून आहे. त्यातच, अन्नसुरक्षेखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोक घ्यावयाचे, असे प्रमाण ठरले; ते २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येला लावून निघालेला इष्टांक भरला, की पात्र माणसालाही ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे सांगितले जाते. शहरासाठी जी वार्षिक ५९ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा घातली गेली, तिच्यात आज लोणावळ्यात घरभाडे देऊन कोण बसतो, हा प्रश्न तर वेगळाच. नकाशाने इष्टांक वाढत नाही, हे मान्य. परंतु कोणत्या प्रभागात कार्डे दाट आणि गरज विरळ आहे, आणि कोठे याच्या उलट आहे, हे दिसले तर निदान असलेला इष्टांक योग्य दारी जाईल.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. दुकानदाराला क्विंटलमागे दीडशे ते पावणेदोनशे रुपयांच्या दरम्यान कमिशन मिळते. वीस घरांच्या वाडीला, घरटी वीस किलो धरले तरी, महिन्याला चार क्विंटल धान्य जाते आणि त्यावर सातशे रुपयेही सुटत नाहीत. तेवढ्यात तो वाडीवर गाडी नेईल ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणूनच द्वारपोच वाहतुकीची जबाबदारी सरकारने दुकानाच्या दारापाशी न सोडता, नकाशाने दाखविलेल्या मोजक्या वाड्यांपुरती पुढे न्यावी; त्या वाड्या किती आणि कोणत्या हे मोजल्याशिवाय खर्च अवाढव्य वाटतो, मोजल्यावर तो बहुधा आटोक्यात दिसेल. दुसरा आक्षेप असा, की धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी म्हणजे अंतराचा प्रश्न मिटेल. परंतु बँक आणि वाण्याचे दुकान ही दोन्हीही त्याच सडकेवर, त्याच अंतरावर आहेत.

तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे आणि तो कार्यालयांकडून नव्हे, वाड्यांकडून येईल. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या गावठाणाबाहेर, खासगी मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वसलेल्या आहेत. स्वामित्व योजनेची मोजणी गावठाणाची, म्हणून त्या तिच्यातून सुटतात. आणि मावळात जमिनीला आज जो भाव आला आहे तो पाहता, अशी वाडी नकाशावर ठळक दाखवणे म्हणजे दलालाला आणि हुसकावणाऱ्याला वाट दाखवण्यासारखे होऊ शकते. ही भीती निराधार नाही. तिच्यावर उपाय असा, की जाहीर नकाशावर दुकाने, अंगणवाड्या, साकव, बंद पडणाऱ्या वाटा आणि वेळेचे पट्टे एवढेच दाखवावे. घरांची स्थाननोंद पुरवठा शाखेपुरती मर्यादित ठेवून अन्य कोणत्याही कामी वापरण्यास मज्जाव करावा. आणि जोडीलाच, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाखाली गावठाणाची हद्द ठरविण्याचा जो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तो या वाड्यांच्या बाजूने वापरावा. ज्या वाडीला शिधा पोचवण्यासाठी सरकार मोजते, त्या वाडीचे वास्तव्य सरकारनेच अमान्य करावे, ही विसंगती चालू देता कामा नये.

तेव्हा करावे काय, ते स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नाच्या उपलब्धतेचा जो नकाशासंग्रह केला आहे, त्यात शहरात एक मैल आणि ग्रामीण भागात दहा मैल अशी रेषा धरलेली आहे. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर, आणि ही मोटारींच्या देशातली रेषा आपल्या उपयोगाची नाही. पण आकडा लिहिला की त्यावर वाद घालता येतो, हा तिच्यातला धडा उपयोगाचा आहे. मावळसाठी तो आकडा किलोमीटरांत नको, वेळात हवा: भर पावसाळ्यात, ओझ्यासह, घरापासून दुकानापर्यंत एक तास. ही वेळ संगणकाने डोंगराचा चढ धरून काढावी, आणि मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व कोतवाल यांनी वाडीवाडीत ती तपासावी. कारण कोणता ओढा कोणत्या नक्षत्रात अडवतो, हे उपग्रहाला दिसत नाही आणि त्यांना पाठ असते. असा नकाशा मराठीत, वाड्यांच्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनिशी, १ मेच्या ग्रामसभेत भिंतीवर लावावा, तेथे हरकती घ्याव्यात, आणि जूनपूर्वी त्यावर निर्णय व्हावा. तासाच्या पलीकडे राहणाऱ्या वाडीला महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी फिरते दुकान जावे. जेथे गाडी जातच नाही तेथे पावसाळ्यापूर्वीच्या साठ्याची आणि तो वाहण्याच्या हमालीची तरतूद असावी. जेथे दुसऱ्या जिल्ह्याचे दुकान जवळ आहे तेथे दोन्ही जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी मिळून नियतन बदलावे. आणि अशा वाडीतील कोणतेही कार्ड घरी जाऊन पाहिल्याशिवाय निष्क्रिय करू नये.

यांतले कोणतेही काम करण्यास नवा कायदा लागत नाही. तिसाव्या कलमाने अधिकार दिलेला आहे, २०१५ च्या आदेशाने कर्तव्य सांगितलेले आहे, आणि सामग्री वेगवेगळ्या खात्यांच्या संगणकांत पडून आहे. उणीव आहे ती एका आकड्याची आणि तो लिहिणाऱ्या एका सहीची. तो आकडा नियमात आला, की डोंगरापलीकडच्या बाईला जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे अर्ज करताना आपली गरिबी सिद्ध करीत बसावे लागणार नाही. तिने फक्त वाट किती तासांची आहे एवढे दाखवावे, आणि ती कमी का केली नाही याचा खुलासा कचेरीने द्यावा. एका तालुक्यात हे करून पाहण्यास एक पावसाळा पुरेसा आहे, आणि त्यासाठी मावळाइतका योग्य तालुका पुणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही.